सर्वांत मोठी तालीम कोणती? – एका वादातून शिकण्यासारखं

चैत्र लागला की शिरूर, दौंड तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. हलगी वाजते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, आणि मैदानाच्या कडेला एक वाद हमखास रंगतो : आजवरची सर्वांत मोठी तालीम कोणती? जुनी माणसं कोल्हापूरच्या मोतीबागेचं नाव घेतात, कोणी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीचं, तर तरुण पोरं काका पवारांच्या तालमीचं.

शिक्षक मित्रांनो, हा वाद वर्गात जरूर आणा. कारण यातला खरा प्रश्न ‘कोण मोठं’ हा नसून ‘मोठं कशावरून ठरवायचं’ हा आहे.

पहिली फूटपट्टी किताबांची. मोतीबागेचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. त्यांचे शिष्य दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी. इकडे जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीत अंतिम लढतीचे दोन्ही मल्ल, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, काका पवारांचेच पठ्ठे होते. मग मोठं कोण? शिवाय महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ ला. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते १९१२ ला. तालमींच्या त्या काळातल्या यशाची नोंद या गदांमध्ये दिसणार नाही. म्हणून त्या लहान ठरतात का?

दुसरी फूटपट्टी देशाबाहेरच्या पदकांची. राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. तो आधी गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे घडला. बिराजदार २०११ मध्ये गेले, नंतर तो काका पवारांकडे आला. आता श्रेय कोणत्या खात्यात टाकायचं?

आणि खाशाबा जाधव? १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्यामागे पैलवान वडील होते, कराडची शाळा होती, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचं घर गहाण ठेवणारे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर होते. तालमींच्या यादीत हे बसतच नाही.

पालकहो, हा वाद तुमच्याही कामाचा आहे. आपल्या भागातली बारा-तेरा वर्षांची पोरं पुण्याच्या तालमीत राहायला जातात. दूध, तूप, बदाम, खुराकाचा खर्च घर चालवून काढावा लागतो. आणि तालीम निवडताना आपण पाहतो काय, तर दारावरचे केसरींचे फोटो. पण फोटो फक्त जिंकलेल्यांचे असतात. बाकीच्या पोरांचं पुढं काय झालं, हे भिंत सांगत नाही.

म्हणून वस्तादांना सरळ विचारावं. पोरगा शाळेत रोज जातो का? दुखापत झाली तर डॉक्टरकडे कोण नेतं? मातीबरोबर मॅटचा सराव आहे का? (यात्रेतली कुस्ती मातीवर असली, तरी बहुतेक राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होतात.) आणि शेवटचं : गदा न मिळालेली पोरं आज काय करतात?

वर्गासाठी उपक्रम : मुलांचे चार गट करा. प्रत्येकाला एकच फूटपट्टी द्या – किताब, आंतरराष्ट्रीय पदकं, घडवलेले वस्ताद, शिक्षण पूर्ण केलेले मल्ल. प्रत्येक गटाने गावातल्या जुन्या पैलवानांना विचारून माहिती आणावी आणि आपापली क्रमवारी फळ्यावर लिहावी. चारही याद्या सारख्या येण्याची शक्यता कमीच. तेव्हा विचारा, ‘तुमच्या धाकट्या भावाला पाठवायचं असेल तर कोणती यादी बघाल?’ उत्तर पोरांनाच शोधू द्या.