फणसवळ्याची लेक आणि बायकांची प्रकाशनं

रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावात १९४५ साली ऊर्मिला पवार यांचा जन्म झाला. डोक्यावर लाकडांचे भारे, गवत, सुपं-टोपल्या घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजारात जाणाऱ्या बायका त्यांनी लहानपणी पाहिल्या. वडील गेल्यावर आईने बांबूची आयदानं विणून मुलांना शिकवलं. या बायकांचं जगणं पुस्तकात येईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

पुढे मुंबईत मीनाक्षी मून आणि ऊर्मिलाताईंनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध घेतला. १९४२च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेला हजारो बायका जमल्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्यांचा पत्ता नव्हता. थकलेल्या कार्यकर्त्यांना गाठून, त्यांच्याच तोंडून ऐकून दोघींनी लिहून घेतलं. त्यातून झालेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९मध्ये मुंबईच्या ‘स्त्री उवाच’ या स्त्रीवादी प्रकाशनाने छापलं.

स्त्रीवादी प्रकाशन म्हटलं की आधी दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’चं नाव निघतं. तेही रास्तच. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४मध्ये ती संस्था काढली, तीही बुटालियांच्या घरच्या गॅरेजमध्ये. राजस्थानातल्या खेड्यांतल्या ७५ बायकांनी मिळून केलेलं ‘शरीर की जानकारी’ त्यांनी छापलं. गावात उघडी बाई कुणी पाहतं का, असं गावकरी म्हणाले, तेव्हा त्या बायकांनी चित्रातल्या बाईला घागरा चढवला; तो कागदी पदर उचलला की आतलं शरीर दिसे. असं पुस्तक छापायला घ्यायला छातीच लागते.

२००३मध्ये ‘काली’ची दोन प्रकाशनं झाली. त्यांतल्या ‘झुबान’ने ‘आम्हीही इतिहास घडवला’ २००८मध्ये वंदना सोनाळकरांच्या इंग्रजी अनुवादात आणलं. त्याच वर्षी ऊर्मिलाताईंचं आत्मकथन ‘आयदान’ माया पंडित यांच्या अनुवादात कोलकात्याच्या ‘स्त्री’ प्रकाशनाने काढलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता: तिन्ही ठिकाणी प्रकाशनं बायकांनीच उभी केलेली.

मला यात ‘स्त्री उवाच’चं मोल सर्वांत मोठं वाटतं. स्त्रीमुक्तीची चळवळ शहरी, सवर्ण बायकांची, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. तरी दलित बायकांचा इतिहास इंग्रजीत येण्याआधी १९ वर्षं तो मराठीत छापला गेला. दिल्लीच्या गॅरेजची गोष्ट बुटालियांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. ‘स्त्री उवाच’ची तशी गोष्ट मराठीत सविस्तर यायला हवी, ते काम केलेल्या बायकांच्या मुलाखती आता कुणीतरी घ्याव्यात, मीनाक्षीताई-ऊर्मिलाताईंनी घेतल्या तशाच, घरोघर जाऊन.