समोसा पट्टी : रात्री तयारी, सकाळी विक्री

बल्लारपुरात कागद कारखान्याच्या वा कोळसा खाणीच्या पहिल्या पाळीला निघालेल्या माणसाला बसून न्याहारी करायला सवड नसते. हातात धरून खाता येईल असे काही हवे. रमजानात घरोघरी होणारा पट्टीचा समोसा त्यासाठी उत्तम. उरलेले अकरा महिने आपण तो विसरतो, याचे आम्हाला नवल वाटते.

खरी मेहनत पट्टीची. मैद्यात मीठ व थोडे तेल घालून पीठ घट्ट मळावे. दोन लहान पुऱ्या लाटाव्यात, एकीला तेल लावून कोरडा मैदा भुरभुरावा, दुसरी वर ठेवून दोन्ही एकत्र पातळ लाटाव्यात. तव्यावर नुसती शेकावी, डाग पडू देऊ नयेत. गरम असतानाच पदर सोडवून लांब पट्ट्या कापाव्यात व ओलसर फडक्यात ठेवाव्यात; वारा लागला की तडकतात. खिमा पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवून थंड करावा. तिकोनी घडीची कड मैद्याच्या खळीने चिकटवावी. आम्ही कापडवाले, घडीची किंमत जाणतो : कोपरा उघडा राहिला की तेल आत शिरलेच. भरलेले समोसे रात्री फ्रीजमध्ये झाकून ठेवावेत, फजरनंतर मध्यम आचेवर तळावेत. फ्रीज नसेल तर नुसत्या पट्ट्या विकाव्यात.

भाव ठरवताना भगिनींनी तेल, गॅस आणि स्वतःची मजुरीही धरावी. ती धरली नाही तर मागणी वाढल्यावर मदतीला बाई ठेवणे परवडत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते. वर्तमानपत्रात समोसा बांधण्यास २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, शाईत शिशासारखे घातक पदार्थ असू शकतात. आमचे हे पानही त्याला अपवाद नाही. खाद्यपदार्थांसाठीचा कोरा कागद घ्यावा.