सात खापरपणजोबा गेले कुठे?

एक सोपा प्रश्न. तुम्हाला खापरपणजोबा किती? खापरपणजोबा म्हणजे पणजोबांचे किंवा पणजीचे वडील. घरात कुणालाही विचारून बघा, ‘किती म्हणजे? एकच की!’ असं उत्तर मिळेल. साफ चूक! आई-बाबा दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ आणि त्यांचे आई-वडील सोळा. त्यांतले निम्मे पुरुष, म्हणजे खापरपणजोबा चक्क आठ! ज्यांचं आडनाव तुम्ही लावता, तेवढे एकच आपल्याला माहीत असतात. तेही असले तर. मग बाकीचे सात गेले कुठे?

त्यांना शोधायच्या आधी ही दुपटीची गंमत जरा ताणून बघू. दहा पिढ्या मागे गेलं की 1024 पूर्वज. वीस पिढ्या मागे दहा लाखांच्या वर. आणि तीस पिढ्या मागे? सुमारे 107 कोटी! एक पिढी 25 वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं. तेव्हा ज्ञानेश्वर महाराज (जन्म 1275) तान्हे होते आणि साऱ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटीसुद्धा नव्हती. मग तुमच्या एकट्याचे 107 कोटी पूर्वज आले कुठून? आलेच नाहीत. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली गेली. मामेबहिणीशी लग्न, पंचक्रोशीतल्याच घरांत सोयरीक, असं पिढ्यान् पिढ्या चाललं की एकच पूर्वज आईकडूनही लागतो आणि बाबांकडूनही. वर्गात तुमच्या शेजारी बसणारा आणि तुमचं खोडरबर लंपास करणारा मुलगाही कुठल्या तरी पिढीत तुमचा भाऊच निघेल बहुधा.

आता शोध. सुरुवात घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून करायची. ‘आजी, आपला इतिहास सांग,’ असं म्हटलंत तर ती हसेल आणि भाजी निवडायला घेईल. त्यापेक्षा बारके प्रश्न विचारा. तुझं लग्नाआधीचं नाव काय? तुझ्या आईचं माहेर कुठलं? आजोबा कुठल्या शाळेत होते? गावची जमीन कुठल्या गटात आहे?

शाळेचं नाव कळलं की तिथलं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेत कधी आला, कधी आणि का सोडली, हे सगळं सापडतं. फक्त जन्मतारीख 1 जून दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका. त्या काळी पुष्कळ आईबापांना मुलाची तारीख ठाऊक नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी सरळ 1 जून टाकून मोकळे! म्हणून तर आजही 1 जूनला महाराष्ट्रात इतक्या आजी-आजोबांचा वाढदिवस असतो.

माझा सगळ्यांत लाडका कागद मात्र फेरफार. शेताचा मालक वारला की तलाठी गावच्या फेरफार नोंदवहीत लिहायचा: अमुक मयत झाले, त्यांचे वारस अमुक मुलगे, अमुक विधवा. एका पानावर दोन पिढ्या! तलाठ्याला तुमच्या घराण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला शेतसारा कोण भरणार एवढंच हवं होतं. पण त्या निमित्तानं नावं राहिली. आता एक खूण बघा. जुन्या नोंदींत मुलगे असले की मुलींची नावं सहसा नसतातच. 1956 साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला, मुलींनाही वाटा मिळाला आणि मग त्यांची नावं वारसांत येऊ लागली. तुमचे सात खापरपणजोबा कुठे हरवले, ते इथे कळतं. त्यांच्याकडे जायची वाट कुठल्या ना कुठल्या लेकीवरून जाते आणि तिचंच नाव कागदावर नाही.

काही जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात, पण त्या बऱ्याचदा जुन्या मोडी लिपीत. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग दांडीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडायची नाही! साल शके असेल तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा. शके 1790 म्हणजे 1868. शेतसाऱ्याच्या हिशेबातलं फसली साल असेल तर साधारण 590 मिळवा.

ग्रंथालयात गेलात तर ‘कुलवृत्तांत’ मागा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आहे, अशा जुन्या ठिकाणी घराण्यांचे जाडजूड छापील इतिहास मिळतात. अर्थात सगळ्या घराण्यांचे नाहीत. ज्यांच्याकडे लिहिणारे आणि छापायला पैसे होते, त्यांचेच. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी तर जपूनच वाचा. एकानं चुकीचं नाव टाकलं की शंभर जण तेच उतरवतात.

आणि हा शोध समुद्रापारही चालतो बरं का! 1834 पासून लाखो भारतीय मजूर उसाच्या मळ्यांत राबायला मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी माणसंही होती. उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा, बाईलासुद्धा तिचा स्वतःचा. नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जहाज, सगळं वहीत. पुढे पुढे तर फोटोही काढत. या वह्या आज तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणजोबांचा क्रमांक घेऊन गेलं की त्यांची नोंद शोधून देतात. त्यात मूळ गाव मिळतं, पण कारकुनानं कानावर पडलं तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं. मग रत्नागिरीच्या नकाशावर त्या नावाशी जुळणारी तीन-चार गावं निघतात आणि पुढचं काम पुन्हा आपल्याकडच्या कोतवाल बुकांवर येऊन पडतं.