पाळणाघराला अंगण हवे: वस्तीतल्या मुलांसाठी घरगुती पाळणाघर कसे चालवावे

वस्तीतल्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलींची गैरहजेरी वाढली की शिक्षक आजारपणाचे कारण लिहितात. घरी जाऊन पाहिले तर बहुतेक वेळा मुलगी ठणठणीत असते आणि तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे भावंड असते. आई सकाळी सहाला धुणीभांडी, सफाई किंवा वर्कशॉपच्या पाळीला गेलेली असते. आजी गावाकडे. बाळाला कुलपाआड ठेवता येत नाही, म्हणून मोठ्या मुलीचे दप्तर खुंटीला लागते. बाबासाहेबांच्या शिकवणुकीतला पहिलाच शब्द 'शिका' हा आहे. तो या मुलीपर्यंत पोचायचा असेल, तर तिच्या कडेवरचे बाळ दिवसभर कुठे राहणार याचे उत्तर आधी शोधावे लागेल.

पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. वस्तीतल्याच एखाद्या घरात सात-आठ मुलांचे पाळणाघर, हे त्यावरचे हाताशी असलेले उत्तर आहे. पण मुलांना एका खोलीत बसवून टीव्ही लावून देणे म्हणजे पाळणाघर नव्हे. ते कसे असावे, काय काळजी घ्यावी आणि पैशांचा मेळ कसा बसवावा, हे या लेखात मांडत आहोत.

कायदा कुठपर्यंत पोचतो?

मुलांचे संगोपन ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली आणि नंतरच्या दुरुस्तीने ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला ती लागू झाली. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही पाळणाघर बंधनकारक झाले.

मात्र चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे 'आस्थापन' कोणते? कचरा वेचणारी, बिगारी काम करणारी, घरी बसून पार्ट जोडणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? आपल्या वस्तीतल्या बहुसंख्य महिला या तरतुदींच्या बाहेरच राहतात. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. त्यांचे काम मोलाचे आहे, पण अंगणवाडी काही तासांची असते. तान्ह्या बाळाला दिवसभर सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी तिथे नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राची 'पाळणा' योजना आहे, त्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. आपल्या प्रभागात ते सुरू व्हावे, अशी मागणी संघटितपणे केलीच पाहिजे. पण मंजुरीची वाट पाहण्यात बाळ मोठे होते आणि बहिणीची शाळा कायमची सुटते. तोवर घरगुती पाळणाघर हाच आधार.

सुरुवात कशी करावी?

एक हवेशीर खोली, बाजूला स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी आणि लक्ष ठेवायला दोन मोठी माणसे, एवढ्यावर सुरुवात करता येते. आमचे मत असे की दोन बायकांनी मिळून आठपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत आणि त्यांत तीन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त नसावीत. रांगणारे मूल आणि पळणारे मूल एकाच वेळी सांभाळणे सोपे नसते. एकटीने पाळणाघर चालवू नये. एका मुलाला शौचाला न्यायचे झाले तरी बाकीच्यांवर नजर राहायला हवी.

घर भाड्याचे असेल तर घरमालकाची लेखी संमती घ्यावी. नोंदणी आणि परवानगीबाबत महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात आणि महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. प्रत्येक मुलामागे वहीचे एक पान ठेवावे. त्यावर पालकांचे फोन, लसीकरण, ॲलर्जी किंवा आजार, आणि मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे असावीत. वहीत नाव नसलेला माणूस ओळखीचा असला, नातेवाईक असला, तरी आईला फोन केल्याशिवाय मूल त्याच्या हाती देऊ नये. पाळणाघर चालू असताना घरातल्या इतर पुरुषांची, पाहुण्यांची त्या खोलीत ये-जा नको. हे नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले की पुढे कोणाला राग येत नाही.

दिवसाला एक ठरलेला क्रम असावा. आल्यावर हातपाय धुणे, नाश्ता, मोकळा खेळ, बाहेरचा वेळ, जेवण, झोप, गोष्ट आणि गाणी, मग घरी जाणे. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला हा क्रमच घड्याळासारखा असतो. गोष्ट झाली की आई येते, हे त्याला कळले की रडणे कमी होते.

खेळ म्हणजे वेळ काढणे नव्हे

महागडी खेळणी नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. त्यांनी परदेशी साधनांवर अडून न राहता बिया, पाने, शंख-शिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तूंमधून शिक्षण उभे केले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा 'अंगणवाडी' या शब्दामागचा विचारही त्यांच्याच कामातून आला.

घरातल्या वस्तूच पाहा. रिकामे डबे एकात एक बसवताना लहान-मोठे कळते. एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतताना मापाचा अंदाज येतो. कणकेचा किंवा मातीचा गोळा मळताना बोटांत बळ येते आणि त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. जुन्या ओढण्या, टोप्या आणि मोडका फोन दिला की मुले स्वतःच दुकान, दवाखाना, बस उभी करतात. त्या खेळात ती बोलतात, भांडतात, वाटाघाटी करतात. भाषा तिथे वाढते. ती घरची, वस्तीची भाषा असू द्यावी, 'शुद्ध बोल' म्हणून मुलाला मध्येच तोडू नये.

दोन गोष्टींवर मात्र ताईंचे लक्ष हवे. भातुकलीत मुलग्यांनीही भाकऱ्या थापाव्यात आणि मुलींनीही ट्रक चालवावा. आणि खेळताना एखाद्याच्या रंगावरून, जातीवरून, आईच्या कामावरून शब्द आला, तर तिथेच थांबून बोलावे. मुले हे शब्द मोठ्यांकडूनच उचलतात.

मातीचा प्रश्न

पालकांचा सर्वांत मोठा आक्षेप इथे येतो. मुलाला मातीत का बसवता, एबीसीडी का शिकवत नाही, असे ते विचारतात. या आक्षेपाला हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागे इतिहास आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या शेतातली माती उपसली, दुसऱ्यांची घाण उचलली आणि वर 'अस्वच्छ' हा शिक्का सोसला. त्यातून बाहेर पडण्यासाठीच आईबाप राबतात. मुलाचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातातली पाटी-पेन्सिल ही त्यांना त्या मुक्तीची खूण वाटते. तेच मूल मातीने माखलेले दिसले की त्यांच्या पोटात कालवते.

आम्ही पालकांना एवढेच सांगतो: लादलेली माती वेगळी आणि मुलाने हौसेने हातात घेतलेली माती वेगळी. मोठमोठ्या सोसायट्यांमधल्या महागड्या नर्सरीत वाळूचे हौद आणि चिखलाचे खेळ असतात, आणि त्यासाठी पालक फी मोजतात. तिथे त्याला सर्जनशील खेळ म्हणतात, मग आपल्या मुलाच्या वाट्याला आला की तो मळकेपणा कसा होतो? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेतल्याने ते हुशार होत नाही, पाटीला मात्र घाबरू लागते. खेळ संपल्यावर साबणाने हातपाय धुणे आणि कपडे बदलणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. पालकांना एखाद्या सुट्टीच्या दिवशी बोलावून मुलांचा खेळ दाखवावा. आपला मुलगा ओल्या मातीचा पूल करून त्याखालून पाणी सोडतो, हे पाहिल्यावर शंका आपोआप कमी होतात.

अंगण कुठून आणायचे?

दहा बाय बाराच्या खोलीला अंगण कुठले, हा प्रश्न रास्त आहे. पण जवळजवळ प्रत्येक बौद्ध वस्तीत एक विहार आहे, आणि अनेक विहारांसमोर थोडी मोकळी जागा आणि एखादा पिंपळ किंवा कडुलिंब आहे. सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत ती जागा रिकामी असते. रोज दीड-दोन तास ती पाळणाघराला मिळाली तर अंगणाचा प्रश्न सुटतो. पाली साहित्यात बालपणीच्या सिद्धार्थाची गोष्ट आहे. पेरणीच्या उत्सवात मोठी माणसे गुंतली असताना तो जांभळाच्या झाडाखाली शांत बसला आणि तिथेच त्याचे चित्त एकाग्र झाले. आपल्या मुलांनाही झाडाखाली बसायला, मुंग्यांची रांग पाहायला, पडलेली पाने गोळा करायला जागा हवी.

त्या जागेची तयारी अशी करावी. काचा, खिळे, तारा रोज सकाळी वेचाव्यात. एका कोपऱ्यात विटा लावून चाळलेल्या वाळूचा हौद करावा आणि मांजर-कुत्र्यांपासून तो रात्री झाकून ठेवावा. जुने टायर, लाकडाचे ओंडके, कुंडीत मेथी आणि कोथिंबीर पुरेशी आहे. पेरलेली मेथी चार-पाच दिवसांत उगवते, तेवढा धीर लहान मुलांनाही धरवतो. उन्हाळ्यात सकाळी लवकरच बाहेर न्यावे, पावसाळ्यात साचलेले पाणी काढून टाकावे.

अनेक विहारांच्या आवारात शोभेसाठी कण्हेर लावलेली असते. तिची पाने, फुले, सगळेच विषारी आहे. धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजाही तशाच. मुले खेळतात तिथे ही झाडे नकोत. चिंचोके, मणी, शेंगदाणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात. पाण्याचा खेळ झाला की बादली लगेच रिकामी करावी. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

हिशेब आणि सन्मान

आता पैशांचे बोलू. समजा आठ मुले आहेत आणि दरमहा फी १,५०० रुपये. जमा झाले १२,००० रुपये. वरण-भात, उसळ, नाचणी, केळे, चालत असेल त्यांना उकडलेले अंडे, असा आहार मुलामागे रोज २५ रुपये धरला तर २६ दिवसांचे ५,२०० रुपये होतात. मदतनीस ताईंना ३,५०० रुपये. वीज, साबण, साहित्य ८०० रुपये. पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या हाती उरले २,५०० रुपये, तेही रोज दहा तासांचे! फी वाढवली तर धुणीभांडी करणाऱ्या आईला परवडत नाही. म्हणजे एक कष्टकरी बाई सुटावी म्हणून दुसरी स्वस्तात राबते.

ही तूट समाजाने भरून काढली पाहिजे. विहार समितीने जागा आणि वीज द्यावी. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा वर्षभर पाळणाघराला मिळावा. एका रात्रीच्या डीजेला जेवढे जाते, तेवढ्यात मदतनीस ताईंचे कित्येक महिन्यांचे मानधन निघते. नोकरदार उपासक-उपासिकांनी एकेका मुलाच्या आहाराचा महिन्याचा खर्च उचलावा. असा खर्च मुलामागे ६५० रुपये येतो. हिशेब दर महिन्याला विहाराच्या फलकावर लावावा.

दुसऱ्याचे मूल वाढवणे हे काम आपल्या परंपरेत हलके मानलेले नाही. महामाया गेल्यावर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने वाढवले. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, परक्या बाळांना आसरा दिला आणि यशवंतला मुलगा म्हणून वाढवले. या दोघींच्या प्रतिमेला आपण हार घालतो, पण वस्तीत तेच काम करणाऱ्या बाईला 'घरीच तर बसलेली असते' असे म्हणतो. हे बदलले पाहिजे.

आपल्या विहार समितीच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. वस्तीतल्या किती मुली भावंडांसाठी शाळा बुडवतात? आणि विहाराचे अंगण दुपारी रिकामे का असते? दोन्हींची उत्तरे एकत्र लिहिली की कामाला सुरुवात करता येईल. जय भीम!