विलायतेंत सॉलिसिटरची उमेदवारी

मुलगा किंवा मुलगी विलायतेंत कायद्याची पदवीधर झाली, म्हणजे वकिलीच हातीं आली, अशी घरांतील वडील मंडळींची समजूत असते. ती बरोबर नाहीं. इंग्लंड व वेल्समध्यें सॉलिसिटर होण्यास पदवीखेरीज दोन वर्षांची उमेदवारी लागते, आणि ती देणारी पेढी ज्याची त्यानें शोधावयाची असते. हुशार मुलें येथेंच अडतात, आणि घरांत ‘आमच्या मुलाचें कोठें चुकलें?’ ही कुजबुज सुरू होते. ती सुरू होण्यापूर्वीं घरच्या मंडळींस जी माहिती असावी असें आम्हांस वाटतें, ती येथें देत आहों.

उमेदवारीची ही कल्पना मुंबईस नवी नाहीं. सॉलिसिटरनें पक्षकाराचे कागद तयार करावे व बॅरिस्टरानें कोर्टांत उभें राहावें, अशी विभागणी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेंत पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९७६ च्या कायदेदुरुस्तीनें अ‍ॅटर्नींचा वेगळा वर्ग मोडला. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा व तीपूर्वींची आर्टिकल्ड क्लार्कची उमेदवारी टिकून राहिली, आणि ती परीक्षा कठीण म्हणून नांवाजलेली आहे. विलायतेंत पूर्वीं अशा क्लार्काच्या बापासच पेढीच्या मालकाला रक्कम मोजावी लागे. आतां पेढी उमेदवारास पगार देते. मोठ्या पेढ्या परीक्षेची फीही भरतात. साहजिकच झुंबड उडते.

लंडनच्या मोठ्या पेढ्या उमेदवारांची निवड सुमारें दोन वर्षें आधीं करितात. कायद्याचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षास असतांनाच अर्जांच्या मागें लागतो. पदवी पदरांत पडल्यावर पाहूं म्हणणाऱ्याची पहिली गाडी तेव्हांच चुकलेली असते. ‘आमचीच पेढी कां?’ हा प्रश्न बहुतेक प्रत्येक अर्जांत असतो, आणि पेढीची जाहिरात पेढीसच वाचून दाखविणारें उत्तर कोणासही पटत नाहीं. त्यापुढें पुष्कळ ठिकाणीं वॉटसन-ग्लेझर नांवाची तर्कपरीक्षा असते: दिलेल्या उताऱ्यांतून कोणता निष्कर्ष खरोखर निघतो आणि कोणता नुसता निघाल्यासारखा वाटतो, हें ओळखावयाचें. मग कॅमेऱ्यापुढें एकट्यानें बसून उत्तरें द्यावयाचीं. मग पेढींत दिवसभराची कसोटी. कित्येक पेढ्या सुट्टींत विद्यार्थ्यांस थोडे दिवस कामावर बोलावून पारखतात, व आपल्या पुष्कळशा जागा त्यांतूनच भरतात. शिवाय कांहीं पेढ्या अर्ज येतील तसतसे पाहत जातात. तेथें शेवटच्या रात्रीं धाडलेला अर्ज मुदतींत असूनही उशिराचा ठरतो.

या वाटेवर नकार हा अपवाद नव्हे, नेम आहे. परंतु सारे नकार एका जातीचे नसतात. पहिल्याच पायरीवर आलेल्या दोन ओळींच्या पत्रांत कारण नसतें, आणि मागूनही तें बहुधा मिळत नाहीं. असे नकार ओळीनें येत असतील तर दोष अर्जांत शोधावा. एकच मजकूर नांव बदलून सर्वत्र जात आहे काय, हें पाहावें. (घाईंत तें नांव बदलावयाचेंही राहून जातें, मग पुढील मजकूर कोण वाचणार!) तर्कपरीक्षेवर अडत असेल तर सराव हवा. मुलाखतीनंतर नकार आला, तर अर्ज चांगला होता हें सिद्धच झालें. अशा वेळीं मात्र अभिप्राय अवश्य मागावा, पुष्कळ पेढ्या तो देतात. हा भेद न जाणतां ‘आणखी अर्ज कर’ एवढेंच घरून सांगणें निरुपयोगी आहे. साठ अर्ज ढकलण्यापेक्षां दहा विचारपूर्वक करावे, असें आमचें मत आहे. दर रविवारीं फोनवर काका, आत्या, मामी यांनीं आळीपाळीनें ‘कांहीं कळलें का रे?’ म्हणून विचारणें प्रेमाचेंच असतें. पण कळलें असतें तर त्यानें आपण होऊन सांगितलें नसतें काय?

मुलींच्या बाबतींत तर या धंद्याचें दार मुळांतच बंद होतें. ऑक्सफर्डमध्यें कायद्यांत पहिल्या वर्गाचे गुण मिळविलेल्या ग्विनेथ बेब यांस लॉ सोसायटीनें परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्या कोर्टांत गेल्या, आणि १९१३ सालीं अपील कोर्टानेंही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. १९१९ च्या कायद्यानें ती आडकाठी दूर झाली, व १९२२ सालीं कॅरी मॉरिसन या इंग्लंडांतील पहिल्या स्त्री-सॉलिसिटर झाल्या. नाशिकास जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डची बी. सी. एल. परीक्षा दिली, लंडनच्या एका सॉलिसिटर पेढींत कांहीं काळ कामही केलें. परंतु स्त्री म्हणून पदवी हातीं पडण्यास १९२२ साल उजाडलें. हीं उदाहरणें निराश मुलांस धीर देण्याकरितां सांगण्याची चाल आहे. आम्हांस ती तितकीशी रुचत नाहीं. त्या स्त्रियांपुढें भिंत होती. आजच्या मुलांपुढें रांग आहे.

त्या रांगेस आतां एक आडवाटही फुटली आहे. सप्टेंबर २०२१ पासून नवी सॉलिसिटर परीक्षा सुरू झाली. तिच्या पहिल्या भागांत ३६० प्रश्न असतात, आणि त्या भागास सहा वर्षांत तीनच वेळां बसतां येतें. दोन वर्षांचा अनुभव मात्र एकाच पेढींत घ्यावयास नको. चार संस्थांपर्यंत तो विभागला तरी चालतो. सॉलिसिटरच्या कचेरींतील साहाय्यकाचें काम, मोफत कायदेसल्ल्याचें केंद्र, हेंही त्यांत धरलें जातें. भारतांत सनद घेतलेल्या वकिलास तर अनुभवाची ही अट लागूच नाहीं. परीक्षा तेवढी साधारणतः द्यावी लागते. घरावर कर्ज काढून मुलास पाठविण्यापूर्वीं, आधीं येथें सनद घ्यावी काय, याचा विचार घरांत एकदां मोकळेपणीं व्हावा.

दोन गोष्टी आधींच विचारून घ्याव्या. परदेशी मनुष्यास नोकरीवर ठेवण्याचा सरकारी परवाना पेढीजवळ आहे कीं नाहीं, ही पहिली. तो नसेल तर मुलाच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर उत्तम जागाही हातची जाऊं शकते. आणि अनुभवाच्या दाखल्यावर सही कोण करणार, ही दुसरी. ती तेथील सॉलिसिटरची किंवा त्या पेढीच्या जबाबदार अधिकाऱ्याची लागते. म्हणून कामाची नोंद महिन्याचे महिन्यास लिहून ठेवावी व काम सोडण्यापूर्वींच सही घ्यावी.