मनाच्या नोंदी आणि मुक्तस्रोत संगणकप्रणाली

जमाखर्चात ‘संगणक व नोंदव्यवस्था’ या शीर्षाखाली दाखविलेल्या खर्चामागील विचार सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांना कळावा, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते. मनाचा आजार तसा दिसत नाही. गुण आला की नाही हे ठरविण्यासाठी रुग्णाला ठरावीक काळाने तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारावे लागतात. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असून प्रत्येकास ० ते ३ गुण असतात. एकूण बेरीज ० ते २७. आजची १८ ही बेरीज तीन महिन्यांनी ८ वर आली, तर उपचार लागू पडला असे समजण्यास आधार मिळतो. परंतु पहिली नोंदच हरवली, तर तुलना कशाशी करायची?

संशोधनात हे महत्त्व अधिकच वाढते. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. काहींना नेहमीचे उपचार आणि काहींना त्याजोडीला प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या भेटी, अशी विभागणी होती. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचारतज्ज्ञांची उणीव असलेल्या ग्रामीण भागाला एवढा दिलासा देणारा हा निष्कर्ष उभा आहे तो एकेका रुग्णाच्या नीट ठेवलेल्या नोंदीवर.

अशा नोंदींसाठी विकतची प्रणाली घेतली, तर तिची मूळ आज्ञावली विक्रेत्याच्या ताब्यात राहते. विक्रेत्याने व्यवसाय बंद केला किंवा वार्षिक शुल्क वाढविले, की आपल्याच नोंदी आपल्याला परक्या होतात. मुक्तस्रोत प्रणालीची आज्ञावली सर्वांना पाहता, तपासता व सुधारता येते. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर जलसंधारणाच्या कामांना श्रमदानाची जोड मिळाली. तो अनुभव असलेल्या या परिसराला ही कल्पना नवी वाटू नये. एकाने रचलेला दगड दुसऱ्याच्याही उपयोगी पडतो. २००४ साली सुरू झालेली ‘ओपनएमआरएस’ ही प्रणाली आफ्रिकेतील रुग्णालयांत रुजली. तिच्या पायावर उभारलेली ‘बहमनी’ प्रथम छत्तीसगडमधील गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयात वापरली गेली. कॅनडातील माँट्रियल येथे मेंदूविषयक संशोधनासाठी विकसित झालेली ‘लॉरिस’ही मुक्तस्रोतच आहे.

या प्रणालींचे काम हिशेबनिसाला सहज उमगावे असे आहे. कीर्दीत चुकलेली रक्कम खोडत नाहीत, दुरुस्तीची नोंद घालतात. येथेही जुना आकडा, तो कोणी बदलला व केव्हा, हे सारे राहते. एका प्रश्नाला ३ ऐवजी ३० गुण टंकलिखित झाले, तर प्रणाली ते स्वीकारीत नाही. ‘पीएचक्यू-९’ मधील नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर शून्याहून अधिक आले, तर डॉक्टरांना तत्काळ सूचना मिळावी, असा नियम तीत बसविता येतो. तिथे विलंब झाला, तर तो एखाद्या कुटुंबाला फार महागात पडू शकतो.

‘मुक्त’ या शब्दाने आप्तांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. गावात एकमेकांना सारे ओळखतात. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाची नोकरी असते. म्हणून स्पष्ट करतो की, मुक्त असते ती आज्ञावली. रुग्णाची माहिती नव्हे. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात झालेल्या आंदोलनाचे नेतृत्व राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी केले. कारभार उघडा असावा हे त्यातील तत्त्व. रुग्णाचे दुःख चव्हाट्यावर यावे, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. संशोधनाच्या नोंदीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. नाव व क्रमांक यांची जोडयादी वेगळी, कुलपबंद ठेवायची असते. आज्ञावली उघडी असल्यामुळे हे कुलूप खरोखर लागते की नाही, हे त्रयस्थ जाणकारालाही तपासता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला असून संशोधनासाठी त्याची संमती आवश्यक केली आहे. संमती नाकारणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

देणगीदारांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. परवान्याचे शुल्क वाचते, म्हणून व्यवस्था फुकट होत नाही. संगणक, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, नोंदींची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली रोजची प्रत आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षित कर्मचारी, यांना पैसा लागतोच. मात्र तो रुपया परवान्याच्या नूतनीकरणात न जाता आपल्याच माणसांच्या कौशल्यात गुंततो. आप्तांनीही नोंदकक्षात येऊन आपल्या रुग्णाविषयी काय लिहिले जाते व ते कोण वाचू शकतो, हे अवश्य विचारावे. त्याचे उत्तर देणे हे आमच्या सेवेचाच भाग आहे.