उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडे

उजवीकडे जायचं तर हँडल उजवीकडे फिरवायचं, असंच कोणीही सांगेल. पण वेगात असलेली सायकल उजवीकडे वळते तेव्हा हँडल आधी क्षणभर डावीकडे जातं. चाकं डावीकडे सरकतात, वरचा भार मागे राहतो, त्यामुळे सायकल उजवीकडे कलते. मग हँडल उजवीकडे येतं. सगळं इतकं नकळत घडतं की जन्मभर सायकल चालवलेल्यांनाही पटत नाही. विमानवाले राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यांतल्या विल्बरने हे नेमकं हेरलं होतं. खात्री करायची असेल तर मोकळ्या मैदानात, बऱ्यापैकी वेगात, उजवी मूठ तळव्याने हलकेच पुढे रेटा. सायकल उजवीकडेच कलेल.

कलायचं तरी कशाला? वळताना रस्ता टायरला आतल्या बाजूला ढकलतो. हा रेटा तळाशी बसतो, म्हणून सरळ ताठ बसलेला स्वार बाहेरच्या अंगाला कोसळेल. आत कललं की वजन त्या रेट्याला तोलून धरतं. वजनदार माणसाला जास्त कलावं लागतं हा समज मात्र चुकीचा. गणितात वजन दोन्ही बाजूंनी येतं आणि उडून जातं. उरतात वेग आणि वळणाची त्रिज्या. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 20 किलोमीटर वेगाला साधारण 17-18 अंश कलावं लागतं. वेग दुप्पट केला तर 50 अंशांच्याही वर, आणि तेवढं साध्या टायरला झेपत नाही.

फिरती चाकं भोवऱ्यासारखी सायकलला उभी ठेवतात, हेही अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. 1970 साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं, जमिनीला न टेकणारं चाक बसवून तो परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरी सायकल आरामात चालवता आली. 2011 मध्ये तर संशोधकांनी हा परिणाम काढून टाकलेली, स्वाराविना तोल सांभाळणारी छोटी सायकल बनवून दाखवली. चाकांचा हातभार थोडाफार असतो, पण सायकल उभी राहायला तो लागतोच असं नाही.

कलल्यामुळे सायकल घसरते म्हणणाऱ्यांनी रस्त्याकडे पाहावं. घसरते ती पकड सुटल्यामुळे: पाणी, सांडलेलं ऑइल, वळणावर साचलेली बारीक खडी. त्यात ब्रेक दाबला की आहे ती पकडही वळणं आणि थांबणं यांत वाटली जाते. म्हणून ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच लावा, आणि वळताना आतल्या बाजूचं पेडल वर ठेवा.